जयणा फक्त स्वयंपाकघरापुरती नाही



आज जरा अवघड विषय आहे. बोलायला लाज वाटते म्हणून आपण तो स्थानकातही काढत नाही आणि हळदीकुंकवालाही नाही. पण ज्या घरात अंथरुणाला खिळलेले सासरे किंवा लघवीवर ताबा न राहिलेली आई आहे, तिथे हा रोजचा प्रश्न आहे. मोठ्या माणसांचे डायपर!

आपल्याकडे एक समज पक्का झालाय: बाजारातला वापरून फेकायचा डायपर म्हणजे स्वच्छता, कापडाचा म्हणजे घाण आणि मागासलेपणा. माझा या समजालाच विरोध आहे. आपण पाणी गाळतो, भाजी निवडताना अळी दिसली तर हळूच बाजूला ठेवतो. आणि मलमूत्राने भरलेला डायपर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सकाळच्या कचरागाडीची वाट बघत ठेवतो! मलमूत्रात एका मुहूर्ताच्या आत, म्हणजे 48 मिनिटांत, संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती सुरू होते हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाच समितींमधली परिष्ठापनिका समिती साधू-साध्वींना सांगितली आहे, पण टाकायची वस्तू जपून टाकावी ही तिची शिकवण श्रावकांच्या घराला लागू नाही का?

दिवसाला पाच डायपर धरले तर वर्षाला 1,825 होतात. त्यात लाकडाचा लगदा, ओल शोषणारी रासायनिक पावडर आणि प्लास्टिक असते. ते गुंडाळून वेगळे द्यावेत असे घनकचरा नियमांत सांगितले आहे. किती घरे तसे करतात? उघडे टाकलेले डायपर शेवटी सफाई कामगार हाताने वेगळे करतात. त्या हातांचा विचार अहिंसेत येत नाही का?

"पण धुण्यात पाणी जाते, अप्काय जीवांची विराधना होते" असे काहीजणी म्हणतील. बरोबर आहे. कापडाने हिंसा शून्य होते असे मी म्हणतच नाही. पण पाण्याला मर्यादा घालता येते: पहिल्या धुण्याला आंघोळीचे किंवा मशीनच्या शेवटच्या खळबळीचे पाणी वापरा. फेकलेल्या प्लास्टिकला मर्यादा कशी घालणार?

आणि कापडवाल्यांनाही माझे एक सांगणे आहे. ओले डायपर बादलीत रात्रभर भिजत ठेवून "आम्ही बाई अहिंसक" म्हणू नका. बादलीतही 48 मिनिटे तेवढीच असतात. बदलला की लगेच मळ संडासात टाका, जेटने खळबळा, पिळून उन्हात किंवा वाऱ्यावर वाळत टाका. पूर्ण धुणे नंतर एकत्र करता येते.

घेताना काय बघायचे? वयाप्रमाणे किंवा वजनाप्रमाणे घेऊ नका. कंबर आणि नितंब दोन्ही टेपने मोजून घ्या. माणूस झोपून असेल तर दोन्ही बाजूंनी उघडणारा घ्या, म्हणजे कुशीवर वळवून बदलता येतो. चालता-फिरता असेल तर चड्डीसारखा बरा. वेल्क्रो पटकन लागतो, पण धुण्यात त्याला धागे अडकतात; बटणे जास्त टिकतात, पण बोटे कापणाऱ्या आजींना ती लावता येत नाहीत. आतली घडी सुती असावी. मायक्रोफायबर पटकन शोषते, पण थेट कातडीला लावू नये, वर सुती थर हवा. बांबूचे कापड शोषते चांगले, वाळते मात्र सावकाश, म्हणून पावसाळ्यात पंचाईत होते. बाहेरचे आवरण ओल न झिरपणारे हवे. ते कडक उकळू नका, लेबलवर लिहिले आहे तसे धुवा. एकदम डझनभर घेऊ नका. आधी दोन घ्या, चार-पाच वेळा धुवा, कारण नवे सुती कापड धुतल्यावरच नीट शोषते. मांडीला वळ उठत नाही ना, रात्री गळत नाही ना, ते बघा आणि मग बाकीचे. अपरिग्रह इथेही कामाला येतो. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने शोषण कमी होते.

कापड ओले झाले की कातडीला कळते, म्हणून दर दोन तासांनी हात लावून बघायलाच हवे. ज्यांना हे जमणार नाही, ज्यांच्याकडे जखम, जुलाब किंवा प्रवास आहे, त्यांनी खुशाल फेकायचा वापरावा. पेशंटची कातडी सोलून निघाली तर ती कसली अहिंसा? आणि लघवी अचानक सुटायला लागली असेल तर डायपरच्या आधी डॉक्टर. संसर्ग, साखर, प्रोस्टेट अशी बरी किंवा आटोक्यात येणारी कारणे असू शकतात.

आणखी एक. आपली वडीलधारी माणसे लाजेपोटी पाणी पिणे सोडतात. चौविहार असला तर आधीच रात्री पाणी नाही. मग दिवसा भरपूर दिलेच पाहिजे. "पुन्हा ओले केलेत?" हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, तिथे म्हातारे माणूस तहानलेले राहते.

शेवटचे आणि सगळ्यात महत्त्वाचे. ही धुलाई एकट्या सुनेच्या गळ्यात घालायची असेल तर माझा हा सगळा लेख विसरा. वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप आहे, आणि ते तप फक्त बायकांसाठी आहे असे मी कुठल्याही प्रवचनात ऐकलेले नाही. मुलाने आईचा डायपर धुतला तर त्याचे काही कमी होत नाही, निर्जराच होते. घरात कापड आणायच्या आधी पाळ्या ठरवा. ज्या दिवशी मुलगा पाळी घेईल, त्या दिवशी बाजारात जा.