वेबसाइटची परीक्षा फॉर्म भरणाऱ्या दुकानात

आवडती वेबसाइट कोणती, असे विचारले की आपण बहुधा सवयीची वेबसाइट सांगतो. रोजच्या वापराने तिच्या खाचाखोचा पाठ झालेल्या असतात आणि अंगवळणी पडलेली गैरसोय जाणवेनाशी होते. म्हणून वेबसाइटची रचना जोखताना सराईत माणसाची पसंती हा कच्चा पुरावा आहे. पक्का पुरावा सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोलीसारख्या मराठी वस्तीच्या भागांत मिळतो. झेरॉक्स आणि रिचार्जच्या जोडीला ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकाने तिथे चालतात. खिशात स्मार्टफोन असलेला माणूस त्याच फोनवर होऊ शकणाऱ्या कामासाठी दुसऱ्याला पैसे मोजतो, तेव्हा त्या पैशांतला मोठा वाटा सदोष रचनेचा दंड असतो.

रेल्वे तिकिटाचे उदाहरण घेऊ. अखाजी (अक्षय तृतीया), लग्नसराई किंवा दिवाळी आली की इथल्या खानदेशी कुटुंबांना नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळकडे जायचे असते. रेल्वेच्या आयआरसीटीसी या वेबसाइटवर २००२ पासून तिकीट काढता येते. पण गाडीत जागा आहे का, एवढे पाहायलाही बराच काळ आधी लॉगिन करावे लागे. २०१८च्या नव्या रचनेत ही अट गेली आणि प्रतीक्षा यादीतले तिकीट पक्के होण्याची शक्यताही दिसू लागली. प्रवाशाचा पहिला प्रश्न ओळखून त्याचे उत्तर पहिल्यांदा देणे, ही चांगल्या रचनेची खूण. याच वेबसाइटवर तत्काळ तिकीट काढताना मात्र चित्र पालटते. एसीसाठी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला आरक्षण सुरू होते. लॉगिन, कॅप्चा, प्रवाशांची नावे, पैसे, ओटीपी अशी साखळी पुरी होईपर्यंत जागा संपलेली असू शकते. सराव असलेला तरतो. वर्षातून दोनदा गावी जाणारा लूम कामगार मागे पडतो.

आयएसओ ९२४१-११ हे मानक वापरसुलभतेची व्याख्या करते. ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम पुरे करता येते का, किती श्रमांत येते आणि समाधान मिळते का, असे ते विचारते. यातला ‘ठरावीक माणसांना’ हा भाग आपण सहज विसरतो. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते, म्हणजे या शहरात मराठी वाचणारे नागरिक राहतात हे ती जाणते. तिच्या वेबसाइटच्या भाषा मात्र गुजराती आणि इंग्रजी. मराठी शाळेत शिकलेली बाई गुजराती अस्खलित बोलत असली, तरी त्या लिपीतला अर्ज भरताना अडखळू शकते. बोलता येणे आणि अर्ज वाचता येणे यातले अंतर रचनाकाराने मोजलेच पाहिजे.

यावर आक्षेप येतील आणि ते पोकळ नाहीत. कॅप्चा आणि ओटीपी काढले तर सॉफ्टवेअर वापरणारे दलाल सारी तिकिटे लुटतील, हे खरेच आहे. सुरक्षा हवीच, पण तिचा भार ऐन घाईच्या क्षणी कमीत कमी पडावा. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खाते आधारशी पडताळलेले असणे सक्तीचे झाले. ही पडताळणी सवडीने आधीच करता येते, म्हणून तिची दिशा योग्य वाटते; मात्र तिच्या सूचना सोप्या नसतील, तर माणूस पुन्हा दुकानाच्याच पायरीवर उभा राहील. दुसरा आक्षेप असा की दुकानदार मदतच करतो, त्याचे पोट त्यावर चालते. अर्ज भरून देणे हे कष्टाचे काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण या मदतीत पासवर्ड, आधार क्रमांक आणि ओटीपी परक्याच्या हाती जातात. शिवाय अधिकृत परवान्याविना तिकीटविक्रीचा धंदा करणे रेल्वे कायद्याच्या कलम १४३नुसार गुन्हा आहे. आपल्या कामासाठी नागरिकाला अशा जोखमीकडे ढकलणारी रचना दिसायला कितीही देखणी असो, ती नापासच ठरते.

सुधारणेला फार पैसा लागतो, हा तिसरा आक्षेप. याकोब नीलसन या तज्ज्ञाने २०००मध्ये मांडले होते की पाच जणांना वेबसाइट वापरताना नीट पाहिले, तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. पाच माणसे बसवायला कुठल्याही महापालिकेकडे पैसा आहे. आता तर हा केवळ सौजन्याचा विषय उरलेला नाही. ॲसिडहल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींना केवायसी म्हणजे ओळख पडताळणी करताना येणाऱ्या अडचणींवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. म्हणून मागणी साधी आहे. नवी वेबसाइट लोकांपुढे येण्याआधी लिंबायतच्या एखाद्या दुकानासमोरच्या रांगेतली पाच माणसे बोलवा, त्यांच्याच फोनवर त्यांना काम करू द्या, मध्ये कोणी बोलू नका, आणि किती जणांचे काम मदतीविना पुरे झाले तो आकडा उद्घाटनाच्या दिवशी जाहीर करा.