फेरेट पाळायचा का? आधी घरातल्या माणसांची यादी करा

मागच्या महिन्यात एक जोडपे ब्लडप्रेशरच्या तपासणीसाठी खडकीच्या माझ्या दवाखान्यात आले होते. तपासून झाले, गोळ्या लिहून झाल्या. निघता निघता बाईंनी विचारले, "डॉक्टर, एक वेगळंच विचारायचं होतं. आमच्या चिरंजीवांना फेरेट पाळायचाय. आठवीत आहे, मोबाईलवर व्हिडिओ बघून डोक्यात घेतलंय. घरात आणला तर आजारबिजार काही होतात का?"

कुत्रा, मांजर, पोपट, ससा यांच्याबद्दल मला नेहमी विचारतात. फेरेटबद्दल पहिल्यांदाच कुणी विचारले. मी उलट प्रश्न केला, "घरात कोण कोण असतं?"

घरात हे दोघे, मुलगा, सासरे आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली नणंद. तिचे बाळ दीड महिन्याचे. सासऱ्यांना संधिवात आहे आणि त्यासाठी मेथोट्रेक्सेट व थोडे स्टिरॉइड चालू आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

यादी ऐकली तेव्हाच माझे उत्तर जवळजवळ ठरले होते. पण नुसते "नको" म्हटले की तेरा वर्षांच्या मुलाला ते पटत नाही, आणि पटूही नये. म्हणून रविवारी त्याला घेऊन या म्हणालो. त्याला जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे. हल्ली पुण्यात कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी पाळायची हौस वाढते आहे. त्यामुळे हा प्रश्न उद्या तुमच्याही घरात येऊ शकतो.

फेरेट म्हणजे नेमका कोण?

लांबट अंग, आखूड पाय, टोकदार तोंड. पाहताक्षणी आपल्याला मुंगूस आठवते, पण हा मुंगूस नव्हे आणि उंदीर-घुशींच्या जातीचाही नव्हे. आपल्याकडच्या पाणमांजराच्या कुळातला हा मांसाहारी प्राणी आहे. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवला, तो मुख्यतः बिळातले ससे हुसकावून बाहेर काढण्यासाठी. वजन साधारण अर्धा ते दोन किलो, आयुष्य सहा-आठ वर्षांचे.

आधी चांगल्या गोष्टी

त्या सांगितल्याच पाहिजेत. फेरेट अत्यंत खेळकर असतो. आनंदात आला की पाठ वाकवून उड्या मारतो, वस्तू पळवून कोपऱ्यात लपवतो. माणसांना ओळखतो, अंगाखांद्यावर खेळतो. भुंकत नाही, त्यामुळे सोसायटीत तक्रार येत नाही. दिवसातले चौदा ते अठरा तास झोपतो. ठरावीक ट्रेमध्ये शी-शू करायची सवय त्याला बऱ्यापैकी लावता येते.

आणि कोणत्याही पाळीव प्राण्याचा एक फायदा डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचा वाटतो. एकुलत्या एका मुलाला आपल्यावर अवलंबून असलेला एक जीव मिळतो. त्याला वेळेवर खायला घालायचे, त्याची घाण काढायची, तो आजारी पडला तर जागायचे. मोबाईलमधून डोके वर काढायला याहून चांगले कारण मला तरी माहीत नाही. मुलाची हौस खोटी नसते. प्रश्न फक्त ती कोणत्या घरात, कोणत्या प्राण्यावर भागवायची एवढाच असतो.

तान्हे बाळ असलेल्या घरात नको

हे मी कोणतीही सवलत न ठेवता सांगतो. फेरेटचे दात बारीक आणि सुईसारखे टोकदार असतात. खेळता खेळता चावणे हा त्याचा स्वभाव असतो. नीट शिकवले तर मोठ्या माणसाला तो जपून चावतो. पण पाळण्यात झोपलेल्या तान्ह्या बाळाला प्रतिकार करता येत नाही, हात झटकता येत नाही. काहीही कारण नसताना पाळीव फेरेटने तान्ह्या बाळांच्या चेहऱ्याला गंभीर जखमा केल्याच्या घटना 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १९८८ सालीच प्रसिद्ध झाल्या आहेत. अशा घटना विरळ असतात हे खरे. पण बाळाच्या नाकाकानाला झालेली इजा आयुष्यभराची असते.

"आम्ही लक्ष ठेवू" हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ज्या फटीतून फेरेटचे डोके जाते त्या फटीतून तो बहुधा अख्खा जातो. पिंजऱ्याचे दार नीट लागले नाही आणि बाळाची आई पाच मिनिटे आंघोळीला गेली, तर? पाच वर्षांखालचे मूल घरात असेल तर फेरेट आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लू: त्याच्याकडून आपल्याला आणि आपल्याकडून त्याला

पुणेकरांना हा मुद्दा वेगळा समजवायची गरज नाही. भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी आपल्या पुण्यात नोंदला गेला. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, तोंडाला बांधलेले रुमाल, बंद पडलेल्या शाळा आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या, रिपोर्टची वाट बघणारे नातेवाईक. मी तेव्हा खडकीतच प्रॅक्टिस करत होतो. ते दिवस विसरणे शक्य नाही.

फ्लूचा आणि फेरेटचा संबंध फार जुना आहे. १९३३ साली लंडनमधल्या संशोधकांनी फ्लूच्या रुग्णांच्या घशातला द्रव फेरेटच्या नाकात सोडला. फेरेट शिंकू लागले, त्यांना ताप आला. माणसाचा फ्लू विषाणूमुळे होतो हे त्यातून सिद्ध झाले. पुढे १९३६ साली त्याच गटाने फेरेटकडून माणसाला फ्लू झाल्याचेही प्रसिद्ध केले. आजही जगभरात फ्लूच्या अभ्यासासाठी फेरेट वापरतात. माणसाच्या श्वासमार्गातल्या ज्या कुलपाला फ्लूच्या विषाणूची किल्ली लागते, तसलेच कुलूप फेरेटच्या श्वासमार्गातही असते. करोनाच्या विषाणूचीही लागण त्याला होऊ शकते.

याचा घरातला अर्थ सरळ आहे. मुलगा शाळेतून फ्लू घेऊन आला की तो फेरेटला होऊ शकतो. फेरेट शिंकत राहिला की तो आजोबांना होऊ शकतो. २००९ मध्ये अमेरिकेत घरातल्या माणसांकडून पाळीव फेरेटला स्वाइन फ्लू झाल्याची नोंद आहे. कुत्रा पाळताना "आपली सर्दी त्याला होईल" असा विचार आपण करत नाही. फेरेटच्या बाबतीत तो करावाच लागतो.

ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांच्यासाठी

फेरेटच्या विष्ठेतून साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जुलाब घडवणारे जंतू येऊ शकतात. कच्चे मांस खाऊ घातले तर ही शक्यता वाढते. अंगावरून नायटा, खरूज, पिसवा येऊ शकतात. केस आणि कोंड्यामुळे दमेकऱ्याचा दमा वाढू शकतो. धडधाकट माणसाचे यातून फारसे बिघडत नाही. पण स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट किंवा केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, साखर ताब्यात नसलेले मधुमेही आणि गरोदर स्त्रिया यांनी प्राण्याचा पिंजरा व ट्रे साफ करू नये. हे सगळ्याच पाळीव प्राण्यांना लागू आहे.

आता फेरेटच्या बाजूने

नफा-तोटा मोजताना आपण फक्त माणसाचा विचार करतो. प्राण्याचे काय?

फेरेटला उन्हाळा सोसत नाही. तापमान ३० अंशांच्या वर गेले की त्याला उष्माघाताचा धोका असतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या आसपास जातो. पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात, पंख्यावर, त्याने कसे जगायचे? एसी चालू ठेवायची तयारी आहे का? आणि भर दुपारी वीज गेली तर?

दुसरे म्हणजे तो पूर्ण मांसाहारी आहे. त्याचे आतडे आखूड असते, खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. म्हणून दिवसातून अनेकदा मांस किंवा मांसापासून केलेले खास खाद्य लागते. दूध-पोळी, वरण-भात, फळे यांवर तो जगत नाही. ज्या घरात अंडेही शिजत नाही त्या घराने हा विचार इथेच थांबवावा.

तिसरे, वास. आंघोळ घातली, शस्त्रक्रियेने गंधग्रंथी काढल्या, तरी त्याच्या अंगाला उग्र वास राहतोच. चौथे, त्याचे आजार. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर फेरेटला झाला तर तो जवळजवळ हमखास दगावतो, आणि आपल्या गल्लोगल्ली मोकाट कुत्री आहेत. मादीची नसबंदी केली नाही आणि ती माजावर राहिली, तर तिच्या अंगातले रक्त धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकते. रबराचे तुकडे गिळून आतडे अडकणे, स्वादुपिंडाच्या गाठी, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे विकार हेही नेहमीचे. यातले काही झाले तर फेरेटवर उपचारांचा अनुभव असलेला पशुवैद्य लागतो. तो आधी शोधा, प्राणी मग.

कायद्याचे थोडेसे

पेट शॉपला २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दुकानदाराकडे त्याचे प्रमाणपत्र आणि प्राणी कुठून आला याची कागदपत्रे मागा. तो टाळाटाळ करू लागला तर तिथून निघा. आणि फेरेट महाग पडतो म्हणून कुणी मुंगसाचे पिल्लू आणून देतो म्हणाला, तर साफ नकार द्या. मुंगूस, आणि अनेक घरांत पिंजऱ्यात दिसणारा आपला देशी पोपटसुद्धा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्यांना पाळणे गुन्हा आहे. शिवाय मुंगसापासून रेबीजचा धोका असतो.

चावलाच तर काय करायचे?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. जखम बांधून ठेवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचे इंजेक्शन, रेबीजची लस आणि गरज असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन यांचा निर्णय डॉक्टर घेतील. "दहा दिवस प्राण्यावर लक्ष ठेवू" हा आपल्याकडचा नियम कुत्र्या-मांजरांपुरता आहे, तो परस्पर फेरेटला लावू नका. घरातला, बाहेर कधीच न गेलेला फेरेट असेल तर रेबीजची शक्यता फार कमी असते, पण ते तुम्ही घरी ठरवायचे नाही. रेबीज एकदा झाला की वाचवता येत नाही.

माझे मत

फेरेट वाईट प्राणी नाही. ज्या घरात सगळे मोठे आणि निरोगी आहेत, मांसाहार चालतो, खोली थंड ठेवता येते, रोज चार तास त्याला पिंजऱ्याबाहेर खेळवायला कुणाला तरी वेळ आहे आणि पशुवैद्य माहितीचा आहे, त्या घराने जरूर विचार करावा. दरवर्षी फ्लूची लस मात्र घरातल्या सगळ्यांनी घ्यावी. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक घरांत मात्र एखादे लहान मूल आणि एखादे म्हातारे माणूस असतेच. आपली घरे अशीच असतात आणि ती तशी आहेत याचा मला आनंदच आहे. अशा घरांसाठी माझे उत्तर "आत्ता नको" असे आहे.

त्या रविवारी मुलगा आई-वडिलांबरोबर आला. चेहरा पाडूनच बसला होता. बाळाचे सांगितले, आजोबांचे सांगितले, तो गप्प. फ्लूचे सांगितले तेव्हा त्याने पहिल्यांदा तोंड उघडले. "म्हणजे मला सर्दी-ताप आला तर माझ्यामुळे तो आजारी पडेल?"

"पडू शकतो," मी म्हणालो.

तो थोडा वेळ विचार करत राहिला. मग वडिलांना म्हणाला, "मग नको. मला तर दर पावसाळ्यात येतो."

आत्या सासरी गेली आणि आजोबांचे औषध कमी झाले की एखादे देशी मांजर दत्तक घ्यायचे, त्याला सगळ्या लसी द्यायच्या आणि ट्रे त्यानेच साफ करायचा, असे आमचे ठरले आहे. तेव्हाही आधी मला विचारायला येणार आहेत.

तुमच्या घरातही असा हट्ट सुरू झाला असेल तर दुकानात जाण्याआधी एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय आणि चालू असलेली औषधे लिहा. तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. दहा मिनिटांचे काम आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. चावा, ताप किंवा त्वचेचा त्रास असेल तर प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही.)