वेड घेऊन पेडगावला जाणाऱ्यांना सवाल

समलिंगींना हक्क कोर्टाने दिले, मोर्चांनी काय झालं? हा प्रश्न आता आंबेडकरी तरुणही विचारू लागले आहेत. मुंबईत रंगीत झेंडे घेऊन चार तास नाचल्याने परभणीतल्या एखाद्या पोराला घरी होणारी मारहाण थांबते का, असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर आपल्याच इतिहासात असताना काहीजण वेड घेऊन पेडगावला जातात. ती म्हण श्रीगोंद्याकडच्या पेडगावची म्हणतात. आम्ही परभणीच्या पेडगावचे. आम्हाला वेड घेणं परवडत नाही.

महाड आठवा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळंही खुलं केलं. कागदावर! तळं तिथेच होतं, ठराव तिथेच होता, पण ओंजळभर पाणी मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या कागदात जीव आला. त्यावर सवर्णांनी आपल्या माणसांना मारहाण केली, तळं 'शुद्ध' केलं, दावा लावला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. आता सांगा, हा हक्क कोर्टाने दिला की सत्याग्रहाने? ज्याला एकच उत्तर हवं आहे, त्याला महाड कळलेलं नाही.

६ सप्टेंबर २०१८ चा कलम ३७७ वरचा निकाल हा समलिंगींचा बोले ठराव आहे. प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, एवढंच झालं. आणि तोही आकाशातून पडला नाही. १९९२ मध्ये दिल्लीत पोलीस मुख्यालयासमोर समलिंगींच्या अटकेविरुद्ध निदर्शनं झाली. ती करणाऱ्या संघटनेनेच १९९४ मध्ये ३७७ ला कोर्टात आव्हान दिलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात विजय मिळाला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला. तेव्हा हे लोक घरी बसले असते तर २०१८ आलं असतं का? त्या निकालाचा कणा होती संवैधानिक नैतिकता. ती संकल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली होती. आणि ज्यांचा फक्त कोर्टावर भरवसा आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं की १७ ऑक्टोबर २०२३ रोजी याच सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली.

'हा आपला विषय नाही' म्हणणाऱ्यांनी १९३४ साल उघडून पाहावं. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं हा गुन्हा ठरवला होता, आणि त्यात समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? बाबासाहेबांनी! लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही, हे त्यांनी कोर्टात मांडलं. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. म्हणून ती वकिली वाया गेली म्हणायची का?

आमचा आक्षेप मोर्चावर नाही, मोर्चात कोण बोलतो यावर आहे. २०१५ साली मुंबईच्या एका वर्तमानपत्रात एका आईने समलिंगी मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली. देशभर कौतुक झालं. जातीची अट नव्हती, पण स्वजातीयाला पसंती मात्र लिहिली होती! तो विनोद होता, असा खुलासा नंतर आला. पण जात विनोदातूनही सुटत नाही, हेच आपण सांगत आलो. जी चळवळ इंग्रजीत बोलते आणि जातीवर गप्प बसते, ती आमच्या गावात येत नाही. इथे मुलगा 'तसा' आहे असं कळलं की उत्तर ठरलेलं: लग्न लावून द्या, सरळ होईल. मग एकाऐवजी दोन आयुष्यं जळतात, आणि त्यातल्या मुलीचं दुःख तर कुणी मोजतही नाही. म्हणून मोर्चा सोडायचा नाही, तो गावापर्यंत आणायचा.

मोर्चाने काय मिळतं हे परभणीला तरी विचारू नका. १० डिसेंबर २०२४ रोजी इथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या अटकसत्रात पकडलेल्या सोमनाथ सूर्यवंशींचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. गुन्हा नोंदवा, एवढा आदेश उच्च न्यायालयाकडून मिळायला जुलै २०२५ उजाडला. त्यासाठी रस्ताही लागला आणि कोर्टही लागलं. जो हे जगला, तो दुसऱ्याच्या लढ्याला 'नुसता तमाशा' कसा म्हणेल?

तरुणांनो, जयंतीच्या व्याख्यानमालेत एक दिवस या विषयाला द्या. वसतिगृहात कुणाला 'बायल्या' म्हणून छळलं जात असेल तर मध्ये पडा. कुणाला बदनामीची धमकी देऊन पैसे उकळले जात असतील तर त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जा, एकट्याला पाठवू नका. संविधानाची प्रत हातात घेऊन मोर्चात चालणाऱ्याने त्यातलं 'व्यक्तीची प्रतिष्ठा' हे कुणासाठी लिहिलंय, हे स्वतःच्या घरात आधी सांगावं.

तळं कागदावर खुलं झालं आहे. आता पाण्यापर्यंत चालत जायचं आहे.

जय भीम! जय संविधान!