वस्तीवरची शाळा आणि आपलें कर्तव्य

आमच्या कवठे महांकाळ तालुक्यांत पाऊस थोडा आणि माळ फार. म्हैसाळ योजनेचें पाणी जेथें पोहोंचलें तेथें द्राक्षबागा उभ्या राहिल्या. जेथें पोहोंचलें नाहीं तेथला माणूस आजहि मेंढरांमागें हिंडतो, ऊसतोडीस जातो, नाहींतर सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं परमुलखीं जातो. अशाच एका वस्तीवरील शाळेचे आम्ही शिक्षक आहों. पटावर चौदा मुलें, त्यांत आठ मुली. ही शाळा मोठ्या गांवच्या शाळेंत मिसळावी अशी बोलणीं सुरू होतांच वस्तीवरच्या लिंबाखालीं बैठक भरली. एक म्हातारी आजी उठून म्हणाली, "गुरुजी, साळा गेली तर माझी नात मेंढरांमागंच जाईल. चार मैल, त्यो मोठा रस्ता वलांडून तिला कोण धाडणार?" या प्रश्नास उत्तर द्यावयाचें सोडून पटाचे आंकडे दाखविणें हा न्याय नव्हे.

सरकारचें म्हणणें आम्हांस ठाऊक आहे. डिसेंबर २०१७ मध्यें दहा व त्याहून कमी पटाच्या तेराशेंवर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सन २०२३ च्या सप्टेंबरांत 'समूह शाळे'ची योजना पुढें आली. वीस व त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यांत त्या सुमारास चौदा हजारांवर होत्या, आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुलें शिकत होतीं. लहान शाळेंत मुलांस सोबती मिळत नाहींत, खेळ होत नाहींत, एकाच गुरुजीस चार इयत्ता संभाळाव्या लागतात, असें सांगतात. यांत खरें पुष्कळ आहे. आम्ही तें रोज भोगतों. पण गुरुजी एक असेल तर दुसरा द्यावा. शाळाच काढून घेणें हा कोणता उपाय? सन २००९ च्या कायद्यान्वयें झालेले नियम तर पहिली ते पांचवीच्या मुलास एक किलोमीटरच्या आंत शाळा असावी असें सांगतात. तो हक्क मुलाचा आहे, पटाचा नव्हे.

जोतीराव फुल्यांनीं सन १८८२ सालीं हंटर आयोगापुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें: सारा रयत भरते, आणि शिक्षणाचा खर्च वरच्या थरावर होतो. शाहू छत्रपतींनीं सन १९१७ सालीं करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. तेव्हां बाप मुलास शाळेंत धाडीना म्हणून राजा दंड करी. आज बाप धाडावयास तयार आहे आणि शाळाच उठूं पाहते! त्या काळीं दोष परक्यांवर घालतां येत असे. आज खुर्चीवर आमचेच लोक आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेंत पाटी घेऊन बसलेलीं पोरें मोठीं झालीं, पुढारी झालीं, कांहींनीं स्वतःच्या शिक्षणसंस्था काढल्या, आणि आतां त्यांच्याच पिवळ्या गाड्या वस्तीवर येऊन आमचीं मुलें फी घेऊन नेतात. आम्ही शिक्षकहि धुतल्या तांदळासारखे नाहीं. आमच्यापैकीं किती जणांचीं मुलें सरकारी शाळेंत आहेत? ज्या दुकानचा माल दुकानदारच घरीं नेत नाहीं, तेथें गिऱ्हाईक कसें यावें?

लोकांनीं मनावर घेतलें म्हणजे काय होतें, हें या सातारा-सांगलीच्या मातीनें पाहिलें आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं सन १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, ती रयतेच्या मूठ-मूठ धान्यावर वाढली. सन १९४८ सालीं मुंबई सरकारनें तिचें अनुदान बंद केलें. तरी कर्मवीर वांकले नाहींत. गाडगे महाराजांनीं मुख्यमंत्री खेर यांच्यापाशीं रदबदली केली, लोक पाठीशीं राहिले, आणि अनुदान पुन्हां सुरू झालें. हा इतिहास जुना वाटत असेल तर आजचें पहा. पुणें जिल्ह्यांतील खेड तालुक्यांत जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा सन २०२२ सालीं अवघ्या तीन मुलांवर आली होती. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गांवकरी यांनीं ती इतकी वाढविली, कीं सन २०२५ सालीं तिला लोकांच्या मतांवर दिला जाणारा जागतिक पुरस्कार मिळाला. तीन मुलांची शाळा जर उठते, तर चौदांची कां उठूं नये?

म्हणून आमची विनंति साधी आहे. ग्रामसभेंत शाळा न हलविण्याचा ठराव करा व तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोंचवून पोंच घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेस सहीपुरते न येतां दोन तास बसा. आम्ही काय शिकवितों तें विचारा, चुकलों तर तोंडावर सांगा. सरपंच, सदस्य, शिक्षक या सर्वांनीं पहिलें नांव आपल्या घरचें घालावें. आम्ही आमच्या धाकट्या मुलाचें नांव याच पटावर घातलें आहे, तेव्हां हें सांगावयास आम्हांस तोंड आहे.

पटावर आतां पंधरा झाले. त्या आजीच्या नातीचें नांव अजून हजेरीवर आहे; तें तेथेंच राहील कीं मेंढरांमागें जाईल, हें गांवानें ठरवावयाचें आहे.