क्रिकेट काय फक्त मोठी माणसे बघतात?

‘नाही म्हणायला आईबापांनीच शिकावे’ हे पत्र वाचून डोकेच फिरले. आईबाप दिवसभर नाहीच म्हणत असतात हो! पण चिप्स-शीतपेयांच्या जाहिरातींवर कोट्यवधी ओतणाऱ्याला नाही कोणी म्हणायचे? ते काम सरकारचे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे पत्रलेखकाने जरूर वाचावीत. चिप्स, शीतपेये वगैरेंच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात आणि खास मुलांच्या वाहिनीवर नकोत, असे त्यांत आहे. म्हणजे कार्टूनला कुलूप आणि आयपीएलला मोकळे रान! सामना साडेसातला सुरू होतो, पोरे ताट घेऊन टीव्हीसमोरच बसतात. षटक संपते न संपते तोच, आत्ता ज्याने षटकार मारला तोच पठ्ठ्या थंडगार बाटली तोंडाला लावून हजर. आमच्या चौथीतल्या नातवाला संघांची नावे आणि जाहिरातींची गाणी सारखीच पाठ आहेत. क्रिकेट हा ‘मुलांचा कार्यक्रम’ नाही, हे त्याला कोणी सांगावे?

जागतिक आरोग्य संघटनेने असल्या जाहिरातींबाबत 2010 मध्येच शिफारशी दिल्या होत्या. 2023 मध्ये तर सक्तीचे नियमच करा म्हणून सांगितले. जाहिरात कोणासाठी काढली हा प्रश्नच नाही, मुलांच्या नजरेस पडते की नाही एवढेच बघायचे. चिलीने 2016 मध्ये अशा पदार्थांच्या पाकिटांवरची कार्टून उतरवली, 2018 पासून सकाळी 6 ते रात्री 10 टीव्हीवरच्या जाहिरातीही बंद केल्या. ब्रिटनने 2026 च्या जानेवारीपासून रात्री 9 च्या आत त्या टीव्हीवर दाखवायच्या नाहीत, अशी मर्यादा घातली. आपल्याला 9 पुरायचे नाहीत, आपले सामने अकरापर्यंत चालतात.

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असले पदार्थ विकू नयेत, त्यांची जाहिरातही करू नये, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम. आमच्याकडे फाटकाला खेटूनच टपरी आहे, पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या. कोणी टेप लावून अंतर मोजल्याचे ऐकिवात नाही. टपरीवाल्याला तरी काय बोलायचे, शाळेच्याच क्रीडादिनाच्या मांडवावर शीतपेयाचा भलामोठा फलक! पालकसभेत विचारले तर म्हणे, ‘मांडवाचा खर्च निघतो.’ तो आम्ही वर्गणी काढून देतो, फलक तेवढा उतरवा.

– एक आजी, मिरज