गाडलेल्या दऱ्या आणि विहिरीची जागा

शेताच्या वरच्या सपाटीवरून खालच्या खडकाची घडण ओळखता येते, हा समज सर्वत्र खरा ठरत नाही. डेन्मार्क व उत्तर जर्मनी येथील कित्येक सपाट शेतांच्या पोटात मोठाल्या दऱ्या गाडलेल्या आहेत. हिमयुगांत प्रचंड हिमस्तरांखालून दाबाने वाहणाऱ्या पाण्याने त्या कोरल्या आणि पुढे वाळू, गोटे व चिकणमाती यांनी त्या भरून गेल्या. काहींची खोली ३०० मीटरांहून अधिक आहे. जेथे भर वाळूची, तेथे पाण्याचा मोठा साठा सापडतो.

या दऱ्या शोधण्याचे एक साधन म्हणजे गुरुत्वमापन होय. भरीची माती व वाळू ही भोवतालच्या घट्ट थरांहून हलकी असली, म्हणजे दरीच्या वर पृथ्वीची ओढ किंचित कमी भरते. १०० मीटर जाडीची भर दर घनसेंटिमीटरला अर्ध्या ग्रॅमने हलकी असेल, तर हा फरक सुमारे २ मिलिगॅल, म्हणजे एकूण ओढीच्या ५ लाखांत १ भाग इतकाच असतो. उलट, यंत्र १ मीटर उंच नेले तरी ०.३ मिलिगॅलचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक ठिकाणाची उंची काटेकोर मोजावी लागते, चंद्र-सूर्यांच्या ओढीचा हिशेब करावा लागतो आणि वरचेवर मूळ ठिकाणी परतून यंत्र ताडून पाहावे लागते.

तथापि, हे यंत्र पाणी दाखविते असे मानणे ही मोठी चूक होय. ते केवळ जड-हलक्याचा भेद सांगते. भर वाळूची की चिकणमातीची, पाणी गोड की खारे, याचा निर्णय विद्युतमापनाची जोड देऊन व अखेर चाचणीचे छिद्र घेऊनच करावा लागतो. पण आधी छिद्र आणि मग विचार, हा क्रम कर्ज काढून बोअर घेणाऱ्या शेतकऱ्यास बुडविणारा आहे.

महाराष्ट्रात त्या हिमयुगांतील हिमस्तर पोहोचले नव्हते. तेव्हा तसल्या दऱ्या येथे शोधणे व्यर्थ होय. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात मात्र काळ्या पाषाणावर गाळाचे जाड थर आहेत व तत्त्व तेच लागू पडते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर गाळाची खोली कळली म्हणजे गोडे पाणी मिळाले, असे मुळीच होत नाही.

एकट्याच्या बांधापुरती मोजणी निरुपयोगी असते. दरीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग रेषा मोजली, तरच तिचा आकार उमगतो. आणि ती रेषा अनेकांच्या शेतांतून जाते. म्हणून असे काम गावाने मिळून, तज्ज्ञांच्या हातून करवून घेतले पाहिजे व त्याचा नकाशा ग्रामपंचायतीत सर्वांस पाहावयास ठेवला पाहिजे. ज्या दरीचे पाणी एक, तिचा उपसाही एकविचाराने व्हावा. शिवाय डेन्मार्कमधील काही दऱ्यांनी वरचा संरक्षक चिकणमातीचा थर कापलेला असल्यामुळे खतांतील नायट्रेट खोल पाण्यापर्यंत उतरू शकते, हेही विसरता कामा नये.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या मनावर एवढेच ठसवावे : आधी मोजणी, मग चाचणी आणि त्यानंतरच विहीर.