उत्तरेची खिडकी

चित्रकलेचा एखादा प्राध्यापक निवृत्तीपूर्वीच्या अखेरच्या सत्रात चित्रशाळेची डागडुजी करून घेऊ लागला, तर लोक त्याला भाबडा म्हणतील. जी खोली चार महिन्यांनी सोडायची, तिची एवढी काळजी कशाला? परंतु चित्रशाळेला उत्तरेची खिडकी का ठेवतात, हे ज्याला ठाऊक आहे तो असे विचारणार नाही. उत्तरेचा प्रकाश दिवसभर फारसा पालटत नाही. म्हणून वस्तूवरील छायाप्रकाश विद्यार्थ्याला निवांतपणे न्याहाळता येतो. ती खिडकी दुरुस्त करायची ती पुढच्या विद्यार्थ्यांसाठीच.

शंकर पळशीकर 1968 ते 1975 या काळात मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता होते. अकबर पदमसी आणि तय्यब मेहता हे त्यांचे विद्यार्थी. अशी परंपरा टिकावयाची तर एका शिक्षकाच्या जागी दुसरा वेळेवर यावा लागतो.

मराठवाड्यात याची निकड अधिक आहे. केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या अर्धापूरच्या विद्यार्थ्याला जवळचे शासकीय कला महाविद्यालय म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे. तिथवरची वाट शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीतच सुरू होते. तो तास घेणाराच नसेल, तर ती वाट त्याला दिसणार कशी?

सेवापुस्तकात जन्मतारीख नोंदली जाते, त्याच दिवशी निवृत्तीची तारीख ठरते. मग पद रिकामे होईपर्यंत थांबण्याचे कारण काय? शेवटच्या सत्रातच नवा शिक्षक नेमावा आणि दोघांनी मिळून चित्रशाळा लावावी. नुसत्या भिंती रंगवून भागणार नाही. शिक्षकाविना चित्रशाळेची अडगळीची खोली होते.